आत्याचं कोड

माझं काम डाग पुसण्याचं आहे. कपड्यांवरचे नाहीत, चेहऱ्यांवरचे. अंधेरीत वीरा देसाई रोडच्या एका आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दिवसाही पडदे ओढलेल्या खोलीत आम्ही आठजण स्क्रीनसमोर बसतो. जाहिरात, वेबसिरीज, गाण्याचा व्हिडिओ, जे येईल ते. या कामाला आमच्या धंद्यात 'ब्यूटी' म्हणतात. "आज ब्यूटी किती शॉटची आहे?" असं सकाळी विचारायचं आणि सुरू करायचं. नटीच्या हनुवटीवरचा मुरूम, नटाच्या डोळ्यांखालचं काळं, मानेवरची वळी, दाढी घोटल्यावर राहते ती हिरवट झाक. एका सेकंदाच्या २५ फ्रेम. म्हणजे चार सेकंदांच्या शॉटमध्ये तोच एक मुरूम शंभर वेळा पुसायचा. बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं. आपण डागाभोवती मास्क काढायचा, चेहरा वळला की मास्कही त्याच्या मागोमाग वळतो. पण नटी हसली, गाल वर गेला, की मास्क सुटतो. मग तेवढ्या फ्रेम हातानं.

सगळंच पुसूनही चालत नाही. त्वचेवरची छिद्रं गेली की माणूस मेणाचा दिसतो. म्हणून शेवटी थोडा पोत परत टाकतो. आमचा सीनियर म्हणतो, "खरी वाटेल एवढी घाण परत टाक." हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतेय.

संध्याकाळी मेट्रोनं घाटकोपर, तिथून लोकलनं मुलुंड, मग पूर्वेला मिठागर रोडवरची आमची जुनी बिल्डिंग. घरी आई, बाबा आणि आत्या. आत्याला कोड आहे.

कोड म्हणजे काय ते नीट माहीत नसलेले लोक मला अजूनही भेटतात, अगदी शिकलेले. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात, मेलानोसाइट. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजून मारून टाकते. मग तेवढा भाग पांढरा पडतो. बस. जगात शंभरातल्या साधारण एकाला होतं. लागत नाही, दुखत नाही. पण भाषेनं घोळ घालून ठेवलाय. जुनी माणसं 'श्वेतकुष्ठ' म्हणतात, आणि महारोगाशी काडीचा संबंध नसताना तो शब्द आपलं काम करतो. महारोग हे २०१९ सालापर्यंत आपल्याकडे घटस्फोटासाठी कायदेशीर कारण होतं. शब्दाला शब्द चिकटून आला की लग्न मोडायला तेवढं पुरतं.

आत्याचं १९८३ साली मोडलं. साखरपुडा झाला होता. ओठाच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा डाग उठला, मग बोटांच्या पेरांवर. मुलाकडचे म्हणाले, थोडं थांबू. "ते अजून थांबलेत," आत्या म्हणते. हा तिचा जुना विनोद आहे. आम्ही दरवेळी हसतो, आणि आजी होती तेव्हा ती दरवेळी उठून आत जायची.

बिल्डिंगीतली पोरं तिला 'मिठागर' म्हणायची. आमच्या घरात तिला कुणी काही म्हणत नसे. आमचं घर सुधारलेलं. फक्त तिचा टॉवेल वेगळ्या खुंटीला असायचा. असं कुणी ठरवलं होतं, असंही नाही. तो तिथे असायचा एवढंच. आणि अल्बममध्ये आत्या कायम कडेला, कुणाच्या तरी खांद्यामागे, पदर ओढलेली. माझ्या बारशाच्या फोटोत मला हातात धरलेलं दिसतंय, पण चेहरा खाली. बाळाकडे बघतेय असं वाटावं, इतपत सफाईनं.

माझंही सांगते. अकरा वर्षांची असताना माझ्या गालावर एक फिकट चट्टा उठला. डॉक्टर म्हणाले, पिटिरियासिस अल्बा, लहान मुलांना होतो, जातो. गेलाही. पण तो जायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं बंद केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. चट्टा गेल्यावर पुन्हा सुरू केलं असतं तर बरं झालं असतं. नाही केलं. आत्यानं कधी विचारलं नाही. पुढे एकदा टीव्हीवर 'नितळ' लागला होता, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा सिनेमा. देविका दफ्तरदार त्यात कोड असलेल्या डॉक्टरची भूमिका करते. पडद्यावर कुणी तरी अशी बाई नायिका म्हणून दाखवतंय हे आम्ही घरातले सगळे डोळे विस्फारून बघत होतो. आत्या गच्चीवरचे कपडे आणायला गेली. कपडे अजून ओले होते.

तर सहा वर्षं लोकांची कातडी गुळगुळीत केल्यावर मला एक फिल्म करायची होती. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकालाच करायची असते, त्यात नवल नाही. मला एक अशी फिल्म करायची होती, ज्यात काहीही पुसलेलं नसेल.

त्या दिवसांत मी लॅपटॉपवर रात्र-रात्र लघुपट बघायचे. आन्येस व्हार्दानं १९५८ साली गरोदर असताना पॅरिसमधल्या एका बाजाराच्या रस्त्यावर केलेला 'लोपेरा-मूफ'. त्यात फुगलेलं उघडं पोट आहे आणि सुरीनं कापला जाणारा लाल भोपळा आहे, आणि दोन्हीकडे ती सारख्याच टक लावून बघते. फरोग फरोखजाद या इराणी कवयित्रीनं १९६२ साली ताब्रीझजवळच्या महारोग्यांच्या वसाहतीत केलेला 'द हाऊस इज ब्लॅक'. सुरुवातीलाच एक बाई आरशात स्वतःचा झडलेला चेहरा बघते आणि कॅमेरा हळूहळू आरशाकडे जातो. मी तो शॉट थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून बघितला. माझ्या हातात ते फुटेज आलं असतं, तर सवयीनं मी कुठे मास्क काढला असता, असा विचार मनात येऊन गेला. तो विचार आला याची लाज वाटली.

आणि मुंबईतलंच एक. अकबर पदमसी यांनी १९६९ साली नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं होतं. चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले एकत्र येऊन प्रयोग करायचे. तिथे विशीतल्या नलिनी मालानी यांनी काही छोट्या फिल्म केल्या. 'स्टिल लाइफ'मध्ये कॅमेरा घरातल्या, वापरातल्या वस्तूंवरून फिरतो. 'ओनानिझम'मध्ये पलंगावर एक बाई आहे, पायांत चादर, आपल्या आपल्यात पिळवटलेली. चार मिनिटंही नाही. १९६९ साली, याच शहरात. बाईचं शरीर कुणासाठी तरी मांडून ठेवलेलं नाही, ते तिचं तिचं काहीतरी करतंय. मला वाटलं, असं काही करता आलं पाहिजे.

आत्याला विचारलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "तोंड नको." मी म्हटलं, बरं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाठ काढ. पाठ मी कधी बघितली नाही."

साठी उलटलेली बाई. अंगावरचा प्रत्येक डाग कुठून कुठवर गेलाय हे तिला पाठ, आणि पाठच तेवढी माहीत नाही. दोन आरसे धरून बघता येतं, पण आमच्या घरात मोठा आरसा एकच, तोही आईबाबांच्या खोलीत कपाटाला.

पहिल्या दिवशी मी फोनवरच शूट केलं आणि फोननं मला माझ्याच धंद्याचा धडा दिला. फोनमध्ये त्वचा गुळगुळीत करायचं सेटिंग असतं, माझ्या फोनमध्ये ते आपोआप चालू होतं. मी आत्याच्या मानेचा शॉट घेतला तर डागांच्या कडा विरघळलेल्या. पांढरं आणि सावळं एकमेकांत मिसळून मधलाच कुठला तरी बिस्किटी रंग. ते सेटिंग बंद केलं तरी फोन काहीतरी करतच राहिला, उजेडाचं सारखं करत राहिला. शेवटी मैत्रिणीकडून कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स उसनी आणली.

मग दुसरा प्रश्न. शूट करताना एक्स्पोजर कशासाठी लावायचं? म्हणजे उजेड किती आत घ्यायचा हे ठरवताना आपण त्वचा बघतो. चेहरा नीट दिसला पाहिजे, बाकीचं वर-खाली झालं तरी चालतं. इथे त्वचा दोन. सावळ्यासाठी लावलं तर पांढरं जळून जातं, त्यात काहीच उरत नाही, नुसता कागद. पांढऱ्यासाठी लावलं तर सावळं काळवंडतं. हा प्रश्न जुना आहे. पूर्वी फोटोच्या लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्ड' असायची, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिचा रंग बरोबर आला की सगळं बरोबर आलं. जगातल्या सावळ्या माणसांचे फोटो कित्येक वर्षं तिच्या हिशेबानं धुतले गेले. आता माझ्यासमोर आत्याची पाठ होती आणि तिच्यातच एक शर्ली होती आणि एक आत्या होती. यातली खरी पाठ कुठली, हे कॅमेऱ्याला कुणी तरी सांगावं लागतं. मी मधलं काहीतरी लावलं आणि दोघींवरही थोडा अन्याय केला.

पण एडिटला बसले तेव्हा एक गंमत दिसली. रंग तपासायला आमच्याकडे एक गोल आलेख असतो, व्हेक्टरस्कोप. त्यात एक तिरकी रेघ आखलेली असते. माणूस गोरा असो, काळा असो, कुठल्याही देशातला असो, त्याच्या त्वचेची छटा साधारण त्या रेघेच्या आसपासच पडते. कमी-जास्त होतो तो उजेड-अंधार, छटा नाही. मी आत्याच्या पाठीचा शॉट टाकला. दोन्ही त्वचा त्या एकाच रेघेला चिकटून. मी रोज ती रेघ बघते, मला हे माहीत असायला हवं होतं. तरी रात्री दीड वाजता आईला उठवून दाखवावंसं वाटलं. उठवलं नाही.

यानंतर मी वाहवत गेले. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च लॅमिंग्टन रोडवरून आणला. त्वचेचे डॉक्टर तसलाच दिवा वापरतात, अंधारात कोडाचा भाग त्याखाली निळसर-पांढरा चमकतो. खोलीत अंधार केला, आत्याला पाठमोरी बसवली, टॉर्च लावला. स्क्रीनवर जे आलं ते इतकं सुंदर होतं की माझ्या तोंडातून आवाज निघाला. आत्या म्हणाली, "दाखव." बघितलं. "भुतासारखं दिसतंय. दिवा लाव."

तरी मी सात मिनिटांचा कच्चा कट बांधला. सगळे मॅक्रो. डागांच्या कडा बेटांच्या किनाऱ्यासारख्या, मणक्याची ओळ डोंगररांगेसारखी, एक तीळ जहाजासारखा. टॉर्चचे शॉटही होते, ते काढायचा जीव झाला नाही. नाव ठेवलं होतं 'नकाशा'. ऑफिसातल्या दोघांना दाखवला, दोघं म्हणाले, कमाल. आत्यानं शेवटपर्यंत बघितला आणि चष्मा काढून पुसला. मला वाटलं, रडतेय. ती म्हणाली, "छान आहे गं. पण यात मी कुठेय?"

मी म्हटलं, हे सगळं तूच आहेस.

"हा तर भूगोल आहे," ती म्हणाली.

आता घाटकोपरमावशीबद्दल सांगायला हवं. ती नात्यानं आमची कुणी नाही. आत्या एलबीएस रोडवरच्या औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. १९८५ साली मावशी तिच्या शेजारी लागली. कारखाना २००१ साली बंद झाला, त्या जागी आता टॉवर आहे. मावशीचं घर घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर. काही वर्षांपूर्वी त्या डोंगरावरची घरं रंगीबेरंगी रंगवली, मेट्रोतून लोक फोटो काढतात. मावशी म्हणते, "भिंत गुलाबी आहे बाहेरून. आतून पावसाळ्यात जशी होती तशीच." नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन मुलगे, सुना. आणि गेली चाळीसएक वर्षं, बाळंतपणं आणि संप आणि मोठे पूर सोडले तर, दर रविवारी सकाळी मावशी मुलुंडला येते.

सुरुवातीला ती औषध लावायला यायची. बावचीचं तेल. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ते त्वचेवर लावून उन्हात बसलं की काही जणांना रंग परत येतो. आपल्याकडे हे फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि १९४०च्या दशकात इजिप्तमधल्या अल मोफ्ती नावाच्या डॉक्टरनं दुसऱ्या एका वनस्पतीतल्या याच जातीच्या द्रव्यावर शास्त्रीय काम केलं; आजचे उपचार तिथून वाढत आले. पण प्रमाण चुकलं की भाजतं. पाठीला आत्याचा हात पोचत नव्हता. घरात कुणाला सांगणार? एक दिवस कारखान्यातल्या बाकावर डबा खाताना तिनं हे मावशीला सांगितलं. रविवारी मावशी आली, गच्चीवर गेली, तेल लावलं. दोघी गप्पा मारत बसल्या आणि ऊन जास्त झालं. पाठीवर हे एवढाले फोड. मावशी आठवडाभर रोज संध्याकाळी कामावरून परस्पर आली, फोडांना मलम लावायला.

बावची दहा वर्षांनी सुटली. रंग आला नाही. आत्यानं बाटली टाकून दिली. पुढच्या रविवारी मावशी आली, कपाट उघडलं, बाटली दिसली नाही. स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं. तेव्हापासून खोबरेल.

त्या कच्च्या कटानंतरच्या रविवारी मावशी आली, तेव्हा आत्या म्हणाली, हिला दाखव तो भूगोल. मी लॅपटॉप लावला. पहिलाच शॉट, फ्रेमभर एक पांढरा आकार, खाली निमुळता. मावशी लगेच म्हणाली, "हे डाव्या फऱ्याखालचं. हे आधी पावलीएवढं होतं. माझा धाकटा झाला त्या वर्षी वाढलं."

मी क्लिपचं नाव बघितलं. मी लिहिलं होतं, 'उजवा खांदा, ४'. मूळ फुटेज उघडून ताडून बघितलं. डावाच होता. मीच काढलेला शॉट, मीच चुकीचा लिहिला होता.

पुढचा शॉट. "हे कमरेवरचं. इथे तिला गुदगुल्या होतात." पुढचा. "हे फोडाचं. हे कोड नव्हेच. हे मी केलेलं." पुढचा. "थांब, थांब. हे दोन होते. बंद पडला कारखाना तेव्हा दोन होते, मधे एवढी पट्टी. आता एक झालं होय." एकही चुकला नाही. आत्या शेजारी बसून स्वतःची पाठ पहिल्यांदा ऐकत होती. मध्ये एकदा ती म्हणाली, "माझे कोड पुरवणारी ही एवढीच," आणि दोघी इतक्या हसल्या की आई बाहेर आली, काय झालं म्हणून. लाडकोडातला कोड आणि अंगावरचं कोड, दोन्ही शब्द लहानपणापासून ऐकत होते. शेजारी शेजारी कधी ठेवले नव्हते.

फिल्म तिथे बदलली. टॉर्चचे शॉट काढून टाकले, सगळे. बाकीच्या मॅक्रोवर मावशीचा आवाज घातला. मागे बांगड्या, कुकर, मुलुंड स्टेशनवरची अनाउन्समेंट आमच्या घरापर्यंत येते ती. आणि शेवटी एक शॉट सहा मिनिटांचा, न कापता: आत्या पाटावर, मावशी मागे स्टुलावर, तळहातावर तेल चोळून गरम करते आणि लावते. फार जोरात लावते. आत्याचं अख्खं अंग पुढेमागे होतं. दोघी टोमॅटोच्या भावावर बोलतायत. मावशीचे हात कामाचे, नखं तुटलेली, आणि एकदा, फक्त एकदा, तिचा हात मानेखाली थांबतो आणि तसाच राहतो. बोलणं चालूच. टोमॅटोचं. मी अकरा सेकंद मोजली.

मला वाटतं मी आजवर केलेलं हे एकच चांगलं काम आहे.

आता खरी अडचण. महोत्सवांना फिल्म पाठवायची तर ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. प्रकार निवडा. विषय निवडा. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "क्वीअर टाक ना. आहेच की. आणि लगेच लक्ष जाईल." मलाही तसंच वाटत होतं, लक्ष जाण्याचं सोडून नव्हे, लक्ष जाण्यासकट. पण विचारल्याशिवाय कसं टाकणार? आणि विचारायचं कसं? मी भ्याडासारखा एक आडमार्ग काढला. आत्याला रवी जाधव यांची 'मित्रा' दाखवली. २०१४ सालची, तेंडुलकरांच्या कथेवरची, कृष्णधवल. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या काळात एका मुलीला कळतं की आपल्याला मुलगी आवडते. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली फिल्म आहे. आत्यानं मन लावून बघितली. "बिचारी," म्हणाली. मग लॅपटॉप बंद करून माझ्याकडे वळली.

"तुला काय विचारायचंय ते विचार."

मला विचारता आलं नाही. मी फॉर्मचं सांगितलं. रकाना असतो, तो भरावा लागतो, वगैरे.

"चाळीस वर्षांत आम्ही एकमेकींना विचारलं नाही," ती म्हणाली. "शनिवारी फोन करते, रविवारी येते. याला काय म्हणतात ते तुझ्या त्या फॉर्मला ठाऊक असेल तर त्याला लिहू दे." आणि थोड्या वेळानं, वेगळ्या आवाजात, "तिच्या घरात सुना आहेत गं."

फिल्म मी कुठेही पाठवली नाही. ती बघितलेली माणसं सहा. मला हे पटलेलं नाही, हेही सांगते. न बोलण्यात काही तरी जपलं जातं हे मला दिसतं, पण न बोलण्यानंच आमच्या घरातला तो टॉवेल तीस वर्षं वेगळ्या खुंटीला राहिला. शांततेत दोन्ही मावतं. आत्याला हे एकदा म्हणाले, तर ती म्हणाली, "टॉवेल मीच वेगळा ठेवायचे. मला माझा टॉवेल कुणी वापरलेला चालत नाही." खरं असेल. नसेलही. हा लेख लिहू का विचारलं तेव्हा म्हणाली, "लिही. लिहिलेलं कोण वाचतं?"

गेल्या जानेवारीत मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डोंगर उतरणं बंद, घाटकोपरचा पूल चढणं त्याहून बंद. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. आत्या काही म्हणाली नाही, फक्त सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली, थंडीनं गोठली होती म्हणून, आणि दुपारी उचलून आत ठेवली. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "मी लावू का?"

मी त्या पाठीला पिक्सेल-पिक्सेलनं ओळखत होते. कुठली कड किती टोकदार आहे, कुठे पांढऱ्यात पुन्हा तपकिरी ठिपके आहेत, ते मी मिटल्या डोळ्यांनी काढून दाखवलं असतं. हात लावला तेव्हा लक्षात आलं की मला वाटत होतं, पांढरी त्वचा वेगळी लागेल. गार, किंवा पातळ. वेगळी लागत नाही. कड बोटाला कळतच नाही.

"भिंतीला रंग देतेयस का?" आत्या म्हणाली. "जोर लाव की."

मग तिनंच मावशीला व्हिडिओ कॉल लावला. फोन माझ्या डाव्या हातात, तेल उजव्या. मावशी पलंगावर, पाय उशीवर, मागे गुलाबी नसलेली भिंत. "अगं, फोन सरळ धर. खाली. अजून खाली. मला तिचं डोकं नको दाखवू, डोकं मी बघितलंय." नेटवर्क अडकत होतं, चित्र तुकड्या-तुकड्यांत जात होतं, आणि माझ्या फोननं कडा पुसल्या असतील की काय असं माझ्या मनात येतंय तोच मावशी म्हणाली, "थांब. मणक्याच्या उजवीकडे. वर. तिथे. ते कधी आलं?"

मी वाकून बघितलं. मसुराएवढं. माझ्या कुठल्याही शॉटमध्ये ते नव्हतं.

"काय आहे?" आत्या विचारत होती. "काय आहे गं? कुठे?"

मी बोट ठेवून दाखवलं.